तेरा इंची, सोळा इंची

छापखान्यांत तिला सगळे चाळणबाई म्हणत. तिच्या हाताखालून गेलेल्या पानात चूक उरत नसे, म्हणून. हे नाव कौतुकाने पडलं की वैतागाने, ते ज्याच्या त्याच्या अनुभवावर अवलंबून होतं. एका होतकरू कवीला तिने तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या पुस्तकातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी काढल्यात. बाकीच्या काढल्या तर पुस्तकच उरणार नाही." कवीने पुढे विम्याची एजन्सी घेतली.

घरात तरी ती वेगळी कशाला असेल? मुलगी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत एका शब्दाला अडखळली, तेव्हा चाळणबाईने पहिल्या रांगेत बसल्याबसल्या तो शब्द मोठ्याने दुरुस्त केला. सभागृह खो-खो हसलं. मुलीला पुढचं भाषण आठवलंच नाही. घरी येताना आई म्हणाली, "चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं." मुलीने तो सल्ला इतका मनावर घेतला की त्यानंतर आईशी ती कामापुरतंच बोलली.

नवरा गेल्यावर चाळणबाई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहत होती, आणि खरं सांगायचं तर मजेत होती. एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण हातात चार पायांची काठी आली आणि जिना कायमचा बंद झाला. मुलीने तिला आपल्या घरी आणलं. "आता तू इथेच," ती म्हणाली. एरवी कुठलंही वाक्य चाळणबाईने दोनदा वाचल्याशिवाय सोडलं नसतं. पण दुखण्यात माणूस ढिला पडतो. तिने ते सोडून दिलं.

ती अंथरुणात असतानाच मुलांनी तिचं घर विकलं. त्यासोबत तिचा जुना कॉम्प्युटरही भंगारात गेला. ज्याच्या भल्यामोठ्या पडद्यावर ती रोज पानं तपासायची, तोच.

"मला काम करायचंय," हिंडूफिरू लागल्यावर ती म्हणाली. शाळांसाठीचा एक शब्दकोश तिने अर्धा तपासून ठेवला होता. संपादक तिच्यासाठी थांबला होता. थांबला म्हणजे दिवसाआड फोन करून "कशी आहे तब्येत" असं विचारत होता आणि उत्तर संपायच्या आत शब्दकोशाकडे वळत होता.

मुलगा दातांचा डॉक्टर. दुसऱ्या शहरात त्याचा दवाखाना होता. एका रविवारी तो आला आणि तिघं लॅपटॉप घ्यायला गेले.

दुकानदार उत्साही होता. त्याने दोन लॅपटॉप काउंटरवर शेजारी शेजारी मांडले. एक तेरा इंची, वहीसारखा पातळ, किलोभराहूनही कमी. दुसरा सोळा इंची. तोही त्या आकाराच्या मानाने हलकाच, पण शेवटी मोठा तो मोठा.

"उचलून बघा आजी! दोन बोटांत उचलतो की नाही?"

"मी आजी तुमच्या मुलांची नाही," चाळणबाई म्हणाली आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात शब्दकोशाचं एक पान होतं. लहान पडद्यावर ते पूर्ण उघडलं की अक्षरांच्या मुंग्या व्हायच्या. अक्षरं मोठी केली की ओळ कडेला पडद्याबाहेर जायची आणि प्रत्येक ओळीला पान इकडून तिकडे सरकवावं लागायचं. मोठ्यावर मात्र पान आपल्या जागी नीट बसलं. रफार रफारासारखा दिसला, अनुस्वार टिंबासारखा.

"हा," तिने मोठ्यावर बोट ठेवलं.

"आई, लहान घे," मुलगी म्हणाली. ती सहलींच्या कंपनीत होती. लोकांच्या बॅगा हलक्या करणं हाच तिचा धंदा. "हा बॅगेत सहज बसतो."

"कुठल्या बॅगेत?"

"तुझ्या."

"मी कुठे निघालेय?"

मुलीने भावाकडे पाहिलं. भाऊ लॅपटॉपची बिजागरी उघडून मिटून बघण्यात गुंग झाला.

"तू सांगितलं नाहीस?" मुलीने विचारलं.

"तू सांगणार होतीस ना, ताई. तुझ्याच घरी आहे ती."

"सांगायचं काय त्यात? तीन महिने माझ्याकडे, तीन महिने ह्याच्याकडे. आलटून पालटून. सगळीकडे असंच असतं, आई. आम्हालाही आमचे संसार आहेत."

दुकानदाराला वाटलं, आता आपण काहीतरी बोललं पाहिजे. "मग तर तेरा इंचीच घ्या! फिरतीवरच्या माणसाला ह्याच्यासारखा दुसरा नाही."

चाळणबाईचे कान लाल झाले. घर गेलं तेव्हा ती रडली नव्हती, आत्ताही रडली नाही. तिने मान ताठ केली. "सोळा इंची. पैसे माझ्या घराचे आहेत."

"आणि उचलणार कोण?" मुलीने विचारलं. "डॉक्टरांनी तुला पिशवीसुद्धा धरू नको म्हणून सांगितलंय."

"माझं मी उचलेन."

"ठीक आहे," मुलगी शांतपणे म्हणाली. "दुकानदारसाहेब, तुम्ही ऐकलंत ना?"

मोठा घेतला. बिल होता होता मुलाने लहानही बांधून घेतला, बायकोसाठी. "चांगला आहे अगं," तो बहिणीला म्हणाला, "आणि दोन घेतले तर सूट देतोय."

पुढचे दिवस मात्र चाळणबाईचे सोन्याचे गेले. आतल्या खोलीत खिडकीशी टेबल लावून ती सकाळपासून शब्दकोश तपासायची. संपादकाला फोनवर झापायची, तोही आनंदाने झापून घ्यायचा. 'म' संपला, 'य' संपला. मधूनच ती आतून हाक मारून जावयाला एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायची आणि त्याने चुकीचा सांगितला की समाधानाने हसायची.

मग निघायचा दिवस आला.

मुलीने कपड्यांची बॅग गाडीत ठेवली. लॅपटॉपची बॅग दाराशीच होती. मुलगी तिला वळसा घालून पुढे गेली. चाळणबाईने ती खांद्याला अडकवली. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने पट्टा घट्ट धरलेला. लिफ्टपर्यंत ठीक गेलं. गाडीतही बसली. बसस्टँडवर मात्र बस पार टोकाच्या फलाटाला लागली होती.

ती निघाली. मुलगी कपड्यांची चाकांची बॅग ओढत दोन पावलं मागे. घाई नाही, मदत नाही. खांद्यावरची बॅग दर पावलाला पुढे येऊन काठीवर आदळायची. लोक वळून बघत होते. एक गृहस्थ "द्या आजी, मी धरतो" म्हणत पुढे आले, तेव्हा मुलगी गोड हसून म्हणाली, "नको हं, काका. त्यांना त्यांचं सामान कुणी उचललेलं आवडत नाही."

निम्म्या वाटेवर चाळणबाई बाकावर बसली. खुब्यातून कळ मस्तकात जात होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिने उठायचा प्रयत्न केला, पण बॅगेच्या वजनाने ती पुन्हा खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. मुलगी हाताची घडी घालून समोर उभी होती.

"घे," शेवटी चाळणबाई म्हणाली.

"नुसतं घे नको. 'मी चुकले' म्हण."

"काय?"

"दोन शब्द आहेत, आई. आयुष्यभर दुसऱ्यांना 'चुकलात' म्हणून ऐकवलंस. एकदा स्वतः म्हण, मी बॅग बसमध्ये नेऊन ठेवते."

चाळणबाईने लेकीकडे पाहिलं. मग खांद्यावरचा पट्टा काढून तिने बॅग बाकावर ठेवली आणि काठी टेकत एकटीच बसकडे चालू लागली. कपड्यांची बॅग मुलीने हमालाकरवी बसमध्ये पोचवली आणि लॅपटॉपची घेऊन ती घरी परतली. तिला मागून हाक मारायची होती का, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिने मारली नाही एवढं खरं.

मुलाच्या घरी पोचल्यावर चाळणबाईने सांगितलं, "लॅपटॉप विसरला." मुलगा म्हणाला, "कुरियरने मागवू," आणि दवाखान्यात गेला. रोज तो "आज ताईला फोन करतो" म्हणायचा. रोज कुणाचा तरी दात त्याच्या आड यायचा. संपादकाचे फोन वाढले. शेवटी चाळणबाईने सुनेकडे तिचा तेरा इंची मागितला.

"घ्या ना, आई," सून म्हणाली, "मी दुपारी झोपते तेवढ्यात करा. पण अक्षरं मोठी करून ठेवू नका हं, नंतर मला शोधत बसावं लागतं."

तेवढ्याच वेळात चाळणबाई लहान पडद्यावर वाकून काम करायची. ओळ अर्धी दिसायची. सरकवली की मागची अर्धी जायची. डोळ्यांतून पाणी यायचं. कामाची मुदत डोक्यावर होती. तिने कसाबसा शब्दकोश संपवला आणि पाठवला.

शब्दकोश शाळांमध्ये गेला. त्यात 'सूत' म्हणजे मुलगा होता आणि 'सुत' म्हणजे धागा. अशा आणखीही जोड्या निघाल्या. शिक्षकांनी त्याची पानं एकमेकांना मोबाईलवर पाठवून करमणूक करून घेतली. संपादकाचा फोन आला तेव्हा तो चिडलेला नव्हता. तेच वाईट होतं.

"बाई," तो हळुवारपणे म्हणाला, "खूप केलंत तुम्ही. आता आराम करा."

"मला पुन्हा पाठवा. मी—"

"नाही, नाही. डोळ्यांची काळजी घ्या."

हे सुनेने ऐकलं, मुलाला सांगितलं, मुलाने बहिणीला. तीन महिने भरून चाळणबाई परत लेकीकडे आली, तेव्हा खिडकीशी टेबल होतं, टेबलावर सोळा इंची होता, आणि त्यावर मुलगीच काम करत होती.

"मोठा पडदा खरंच बरा पडतो गं," मुलगी म्हणाली. "तुला आता लागणार नाही ना?"

त्यानंतर चाळणबाई दिवसदिवस खिडकीबाहेर बघत बसायची. जेवायला बोलावलं की जेवायची. जावई एकदा मुद्दाम एका शब्दाचा अर्थ चुकीचा बोलला. तिने मान वर केली नाही. मुलीला ते पाहून आधी बरं वाटलं आणि मग फारसं बरं वाटेना. कंपनीने वृद्धांसाठी नवी सहल काढली होती. त्या सहलीचं पत्रक मुलीनेच लिहिलं होतं. छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी तिने आईला हाताला धरून टेबलाशी आणलं.

"एकदा नजर टाक. तेवढाच तुला विरंगुळा."

विरंगुळा. चाळणबाईने चष्मा पुसला. पान पडद्यावर नीट बसलं होतं. वर हसऱ्या आजी-आजोबांचा फोटो, त्याखाली ठळक अक्षरांत मथळा. त्यात मुलीला 'सोपवा' लिहायचं होतं. लिहिलं होतं, 'आई-वडिलांना संपवा, निर्धास्त व्हा!'

चाळणबाई त्या अनुस्वाराकडे बराच वेळ पाहत राहिली.

"आहे का काही?" मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली.

"काही नाही," ती म्हणाली. "छान लिहिलंयस."

आईने आपलं काही छान म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मुलगी भाजीचा हात तसाच घेऊन दारात आली. तिचे डोळे भरले होते. "खरंच?"

"खरंच."

पत्रकं गावभर वाटली गेली. मोठा फलकही लागला. दोन दिवसांत लोक त्या फलकासमोर उभे राहून फोटो काढू लागले. मालकाने मुलीला सगळ्यांसमोर बोलावून तो मथळा मोठ्याने वाचायला लावला. सगळं ऑफिस हसलं. त्याच संध्याकाळी तिला टेबल रिकामं करायला सांगितलं.

ती घरी आली ती थेट आतल्या खोलीत. "असू दे," स्वतःचीच समजूत घालत ती म्हणाली, "तुझी चूक नाही, आई. तुला दिसत नाही हे माहीत असून मी तुला बसवलं."

बस्स, एवढ्यावर मिटलं असतं. चाळणबाईने नुसती मान हलवली असती तर लेकीने तिला जवळही घेतलं असतं. पण आपल्याला दिसत नाही, हे तिला सोसवेना.

"दिसतं मला," ती म्हणाली. "पहिल्या नजरेत दिसलं होतं."

मुलीने भावाला फोन लावला आणि आईला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"हिला उद्या घेऊन जा."

"ताई, अगं, माझे तीन महिने आत्ताच झालेत. बायकोची कुरकुर मागच्याच वेळी फार झाली."

"मी हिला ठेवणार नाही."

"मग मीच का? दोघांनी मिळून दुसरं काहीतरी बघू. अशा जागा असतात. स्वच्छ, डॉक्टर वगैरे असतात."

"बघ. लवकर बघ."

"आई ऐकतेय का गं?"

"ऐकतेय," मुलगी म्हणाली आणि फोन आईच्या पुढ्यात धरला.

"तिकडे आवडेल तुला, आई," मुलगा म्हणाला. "तुझ्या वयाची माणसं असतात."

बहीण-भावाने मिळून जागा बघितली, चांगली होती. खोलीत तीन खाटा, प्रत्येकीशेजारी एक कपाट. ठेवायला दोघंही आले होते. व्यवस्थापकाने विचारलं, "काय करायच्या या आधी?"

मुलाने मुलीकडे पाहिलं, मुलीने मुलाकडे.

"घरीच असायची," मुलगी म्हणाली.