घराला पाटी लागत नाही

हॉलिस टॅकेटने मुलीच्या घरासमोर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच बसून राहिला.

"उतर," त्याची बायको नेडीन म्हणाली.

"ती पाटी बघितलीस?"

"कुठली?"

"दारावर. बेलच्या वर."

दारावर तळहाताएवढी पांढरी पाटी चिकटवलेली होती. तिच्यावर काळं पिस्तूल, भोवती लाल गोल आणि गोलातून गेलेली तिरपी लाल रेघ. नदीच्या या बाजूला, इलिनॉयमध्ये, असली पाटी बँकेच्या, दवाखान्याच्या, हॉटेलच्या दारावर दिसते. कुणाच्या राहत्या घरावर हॉलिसने ती आजवर पाहिली नव्हती.

"घराला पाटी लागत नाही," तो म्हणाला. "इलिनॉयचा कायदाच आहे तसा. दुकानाला लागते. घरमालकानं नुसतं तोंडानं नको म्हटलं तरी पुरतं. मग ही कुणासाठी लावलीय?"

"पोस्टमनसाठी. उतर आता."

कुठल्या राज्यात काय चालतं आणि काय नाही, हे हॉलिसला तोंडपाठ होतं. त्याच्या केंटकीत कमरेला पिस्तूल लावायला आता परवानाही लागत नाही, आणि दुकानदाराने पाटी लावली तरी तो फार तर बाहेर जा म्हणणार. टेनेसीत पाटी मानली नाही तर दंड. टेक्सासात पाटीवरची अक्षरं इंचभर उंच नसतील तर ती पाटीच नव्हे. तिथे एकदा एका हॉटेलच्या दारात तो टेप लावून अक्षरं मोजत बसला होता, आणि तोवर नेडीन आत जाऊन जेवून मोकळी झाली होती. इलिनॉय मात्र केंटकीचा परवाना मानतच नाही. गाडीत बसला आहात तोवर पिस्तूल जवळ ठेवा; ते घेऊन खाली पाय टाकलात की तुरुंग. "पुलाच्या अलीकडे मी सभ्य माणूस, पलीकडे गुन्हेगार, आणि पँट तीच," असं तो येईल त्याला ऐकवायचा.

आज त्याला विनोद सुचत नव्हता. त्याचा नातू एमेट चार महिन्यांचा झाला होता आणि त्याने त्याला अजून पाहिलं नव्हतं. पिस्तूल घरात येणार नाही, अशी त्याच्या मुलीची, डार्लाची, अट होती. मग मीही येणार नाही, असं हॉलिस फोनवर बोलून बसला होता. मुलगी बापाच्या वळणावर गेलेली, त्यामुळे कुणीच पड खाईना. मधल्या मधे नेडीनची ओढाताण. नदीवरच्या त्या अरुंद पुलावर गाडी घालायची तिची छाती होत नसे, म्हणून तिचंही जाणं राहिलं. तिने तीन स्वेटर विणले, तिन्ही बाळाला लहान होऊन गेले असतील म्हणून रडली, आणि शेवटी हॉलिसनेच एका सकाळी गाडी बाहेर काढली.

दार उघडून डार्ला पायरीवर आली. एकटीच. हिरवळ ओलांडून ती गाडीच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"पेटी कुठंय?" तिने विचारलं.

"सीटखाली. आधी हॅलो तरी म्हण."

"हॅलो, डॅडी. माझ्यासमोर ठेवा. कुलूप लागलेलं मला बघायचंय."

"मुलगी आहेस की नाक्यावरची पोलीस?"

"तुमची मुलगी आहे, म्हणून तर बघायचंय."

हॉलिसने सीटखालची लोखंडी पेटी ओढली. पट्ट्याचं चामडी म्यान सोडवलं, पिस्तुलातली काडतुसं काढली, सगळं पेटीत ठेवून चावी फिरवली. डार्ला हाताची घडी घालून बघत होती. शेजारचा कुणी पानं उडवायचं यंत्र चालवत होता. त्याचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा, आणि प्रत्येक वेळी हॉलिसचा हात आपसूक कमरेकडे जायचा.

गाडीपासून दारापर्यंत तो चालला, पण त्याला उघड्या अंगाने चालल्यासारखं वाटत होतं. कमरेची उजवी बाजू हलकी झाली होती आणि पँट घसरते आहे असा सारखा भास होत होता. दाराशी तो थांबला.

"घराला पाटी लागत नाही," तो म्हणाला.

"माहितेय," डार्ला म्हणाली. "तोंडानं चार महिने सांगत होते. ऐकलंत?"

आत जावयाने, कॉलिनने, टेबल मांडून ठेवलं होतं. हॅम, बटाट्याचं सॅलड, मसाला भरलेली अंडी. कॉलिन कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. लग्नाला सहा वर्षं होऊन तो अजून सासऱ्याला मिस्टर टॅकेटच म्हणे, आणि हॉलिस त्याला पाठीमागे दगडांचा मास्तर म्हणे. हॉलिसने भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची शोधली. ती कोपऱ्यात, मोठ्या कुंडीमागे होती. कॉलिनने काही न बोलता कुंडी सरकवून दिली, आणि हॉलिसला तो त्या क्षणी थोडा आवडला.

मग डार्लाने एमेटला आणून त्याच्या हातात ठेवलं.

पोर गरम होतं आणि वाटलं होतं त्याहून जड होतं. त्याने आजोबांकडे बघून जांभई दिली. हॉलिसला इतका आनंद झाला की त्याला स्वतःचाच संताप आला. एवढ्यासाठी आपण चार महिने अडून बसलो होतो? दोन्ही हात गुंतले होते आणि बराच वेळ त्याला कमरेची आठवणही झाली नाही.

"आता ममाला द्या," डार्ला म्हणाली.

"राहू दे त्याच्याकडे," नेडीन म्हणाली. "मी आधी खाऊन घेते."

पण ती उठली नाही. सोफ्याच्या कडेला, अंगातला कोट न काढता बसून राहिली. यंत्राचा आवाज खिडकीखालून गेला. एमेट कुरकुरला, गप्प झाला.

"ममा, घे ना."

"माझे हात गार आहेत गं. बाळाला लागतील."

"चोळ मग. सकाळपासून वाट बघतोय तो."

"घेते म्हटलं ना. जरा दम धर."

कॉलिन जावयाच्या अदबीने पुढे आला. "कोट द्या माझ्याकडे. पर्सही द्या, आत ठेवतो."

"हात नको लावू!"

ती एवढ्या जोरात ओरडली की बाळ दचकून रडायला लागलं. कॉलिनचा हात हवेतच राहिला. डार्ला आईकडे बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू लहान मुलीसारखा व्हायला लागला होता.

"घ्यायचं नसेल तर तसं सांग ना, ममा," ती म्हणाली. "मला वाटत होतं डॅडीच आडवे येतायत."

हॉलिसने तेव्हा बायकोकडे नीट बघितलं. तपकिरी पर्स तिच्या मांडीवर उभी होती. पट्ट्याचे दोन वेढे तिने मनगटाला घेतले होते, आणि दुसऱ्या हाताची बोटं चेनवर होती. रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचं दार आपटलं. हॉलिसने मान वळवायच्या आत नेडीनची मान वळलेली होती. आधी खिडकी, मग दार, मग पुन्हा चेन.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांचं तळ्याकाठी दुकान होतं. गळ, दोऱ्या आणि जिवंत आमिषांचं. एका थंडीच्या दुपारी हॉलिस मागे हौदातलं पाणी बदलत होता आणि पुढे एका माणसाने नेडीनच्या कपाळाला पिस्तूल लावून गल्ला रिकामा करून घेतला. पंपाच्या घरघरीत हॉलिसला काहीच कळलं नाही. तो बाहेर आला तेव्हा ती काउंटर पुसत होती. त्याच आठवड्यात त्याने दोन पिस्तुलं आणली, एक स्वतःला, एक धाकटं तिला. तिने ते ड्रॉवरमध्ये टाकायला लावलं. "गेला तो. आता काय जन्मभर त्याची वाट बघत बसू?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात उभी राहिली. बाई खंबीर आणि नवरा पार कोलमडला, असं गावात म्हणत. हॉलिसलाही ते पटलेलं होतं. दुधाने पोळलेला आपण एकटेच, असं धरून तो इतकी वर्षं दोघांच्या वाटचं ताक फुंकत आला होता.

ड्रॉवरमधलं ते पिस्तूल आपण शेवटचं कधी पाहिलं, हे त्याला आठवेना. एवढंच आठवलं, की दुकान विकेपर्यंत ती गल्ल्यावर बसताना पर्स मांडीवर घ्यायची, आणि तो चेष्टा करायचा की गल्ल्यापेक्षा तुझी पर्सच श्रीमंत.

आणि आज ती तशीच, पर्समधल्या पिस्तुलासकट, गाडीतून उतरून हिरवळीवरून चालत आली होती. इलिनॉयमध्ये. एखाद्या पोलिसाने नुसतं थांबवलं असतं तर?

त्याने बाळ डार्लाच्या हातात दिलं आणि तो सोफ्यापुढे जाऊन उभा राहिला.

"नेडीन, पर्स दे."

"कशाला?"

"माझी वस्तू आहे तिच्यात."

तिने पर्स पोटाशी ओढली.

"डार्ला," तो वळून म्हणाला, "यात दुसरं पिस्तूल आहे. मी टाकलंय. पुलाच्या पलीकडे, केंटकीतच. तुझ्या आईला म्हटलं, तोंड उघडायचं नाही."

मग कॉलिनने हलकेच एमेटला डार्लाकडून घेतलं आणि तो स्वयंपाकघरात गेला.

"माझ्यासमोर कुलूप लावलंत तुम्ही," डार्ला म्हणाली. "मी उभी होते तिथं."

"लावलं. एकाला."

"हॉलिस," नेडीन म्हणाली, "अरे, असं..."

"राहू दे. ती रागावणारच. तू दे इकडे."

नेडीनने मनगटावरचा पहिला वेढा सोडला. दुसऱ्यापाशी ती थांबली. आता ती नाही म्हणणार असं त्याला वाटलं. तो वाकला आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "मी दाराकडे बघत बसतो. बाहेरून. काही आलं तर आधी माझ्यापाशी येईल."

तिने पट्टा सोडला.

"ममाच्या मांडीवर!" डार्ला आता ओरडत होती. "माझं बाळ इथं असताना! लाज नाही वाटली? ती बिचारी भीतीनं त्याला हात लावत नव्हती आणि तुम्ही त्याला मजेत मांडीवर घेऊन बसला होतात! जा, गाडीत जाऊन बसा, डॅडी. नाताळचंही विसरा."

"बसतो," हॉलिस म्हणाला.

पर्स काखेत धरून तो बाहेर पडला. मागे डार्ला आईची समजूत घालत होती, रडू नकोस, तुझा काय दोष. गाडीत बसून त्याने धाकटं पिस्तूल बाहेर काढलं. भरलेलं होतं. मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झाली होती. त्याने ते रिकामं करून दोन्ही पिस्तुलं पेटीत एकाशेजारी एक ठेवली, कुलूप लावलं आणि दाराकडे बघत बसला. त्याला फार एकटं वाटलं.

बऱ्याच वेळाने कॉलिन हॅमची बशी घेऊन आला.

"मिसेस टॅकेट एमेटला खाली ठेवायलाच तयार नाहीत," तो म्हणाला. "डार्लाला दूध पाजायलाही देईनात."

"बरं झालं."

"मिस्टर टॅकेट, मला कळत नाही. सगळं इतकं चांगलं चाललं होतं. का केलंत असं?"

"सुंभ जळतो, पीळ जळत नाही," हॉलिस म्हणाला. "केंटकीचं डोकं, दुसरं काय."

कॉलिनने बशी त्याच्या हातात दिली. आणखी काही विचारावंसं त्याला वाटत होतं, पण तो चष्मा पुसून आत निघून गेला.

परत निघाले तेव्हा ऊन अजून पिवळं होतं. नेडीनच्या कोटाला खांद्यावर दुधाचा डाग पडला होता आणि तो तिने पुसला नव्हता. शेतं संपली.

"नाताळला ये म्हणाली," नेडीन म्हणाली.

"तुला."

"तुलाही. पण निघायच्या आधी मी तुझे खिसे तपासायचे. खिसे, गाडी, पेटी, सगळं. तसं वचन घेतलंय माझ्याकडून."

"आणि तू दिलंस?"

"दिलं."

हॉलिस हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि पुलावर समोरून मालट्रक येत होता म्हणून त्याला ते पुसताही आले नाहीत. नेडीन हसली नाही. ती खाली नदीकडे बघत होती. पूल संपला, केंटकी लागलं.

"त्याच्या हातमोज्याला भोक होतं," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"अंगठ्यापाशी. नख दिसत होतं. स्वच्छ, कापलेलं. मला सारखं वाटत होतं, याच्या घरी कुणीतरी असणार. नखं काप रे म्हणून सांगणारं."

त्या दुपारबद्दल तिने इतक्या वर्षांत एक शब्द काढला नव्हता. हॉलिसने वेग कमी केला. मागच्याने हॉर्न वाजवला आणि पुढे निघून गेला.

"मग?" त्याने विचारलं.

"मग तो म्हणाला, मागे कुणी आहे का. मी म्हटलं, कुणी नाही."

घराचं वळण आलं. हॉलिसला ते दिसलं. पण ती अजून गल्ल्यापाशीच उभी होती, म्हणून तो सरळ पुढे गेला.