अंगावरचं

मी संशयी आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. स्टँडवर गोड बोलणाऱ्या बाईपासून मी चार हात लांब राहते. पंचवटीतल्या आमच्या शेजारणीच्या पाटल्या अशाच एका गोड बाईनं 'मावशी, मावशी' करत उतरवून नेल्या होत्या. त्यामुळे सत्त्याण्णव साली माझी लेक अपूर्वा बाळाला घेऊन सासरी निघाली, तेव्हा मी डोळ्यांत तेल घालून तिच्याबरोबर होते.

जावई कळवणला बँकेत. त्यांना रजा मिळेना आणि विहीणबाईंना नातवाचं तोंड बघायची घाई. सव्वा महिना झाला नाही तोच फोनवर फोन सुरू झाले. पोर माहेराहून लंकेची पार्वती होऊन आली असं कुणी म्हणायला नको, म्हणून मी अपूर्वाला सगळं घालायला लावलं. हातात पाटल्या, गळ्यात मंगळसूत्र आणि माझी मोहनमाळ. बाळाच्या मनगटांत बिंदल्या.

"आई, एसटीनं जायचंय, लग्नाला नाही," अपूर्वा म्हणाली.

"पदर लपेटून घे म्हणजे झालं," मी म्हटलं.

सीबीएस स्टँडवर पोचलो तर कळवणची गाडी लागलेलीच नव्हती, आणि तनयनं भोंगा लावला. पाजायचं कुठे? आताशा स्टँडवर त्यासाठी वेगळी खोली असते म्हणे. तेव्हा समोर शेंगा खात बसलेले पुरुष होते आणि त्यांना बघायला दुसरं काही नव्हतं. शेवटी कँटीनच्या मागच्या भिंतीशी एक मोडका बाक सापडला. अपूर्वा भिंतीकडे तोंड करून बसली आणि मी अंतरपाट धरावा तशी तिच्यामागे चादर धरून उभी राहिले.

तेवढ्यात ती बाई तिथेही आली.

तेवढ्यात म्हणजे, मी तिला मघापासून हेरलंच होतं. नऊवारी लुगडं, पायात झिजलेल्या चपला, आणि छातीशी पदराखाली धरलेलं एक बोचकं. आम्ही फलाटावर बसलो तेव्हा ती समोर होती. आम्ही उठलो, तशी ती उठली. नजर सारखी अपूर्वावर. आणि ते बोचकं हलत नव्हतं की रडत नव्हतं. जिवंत मूल इतका वेळ गप्प बसतं होय? पदराखाली मूल आहे असं भासवून चोऱ्या करणाऱ्या बायकांबद्दल मी ऐकून होते.

तिनं चादरीच्या कडेवरून आत डोकावून पाहिलं. आधी तनयकडे, मग अपूर्वाच्या गळ्याकडे. तिथे चांगली रेंगाळली तिची नजर. मग इकडे तिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, अंगावरचं द्या ना थोडं. कुनाला कळायचं नाय."

माझं डोकंच फिरलं.

"अंगावरचं द्या? अंगावरचं? दिवसाढवळ्या?" मी असा आवाज काढला की फलाटावरचे लोक धावत आले. "माझ्या मुलीच्या अंगावरचं सोनं मागते ही! मघापासून मागावर आहे!"

"आवं बाई, सोनं कोन मागतंय..." ती पुटपुटली, पण तिचं ऐकतो कोण? "अशांची टोळीच असते," एक टोपीवाले गृहस्थ म्हणाले. "बोचकं उघडायला लावा, त्यातच असेल माल."

तिनं बोचकं आणखी घट्ट धरलं. "उघडू नका. वारं लागंल."

"सोन्याला वारं लागतं म्हणे!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. आता तर माझी खात्रीच पटली होती. मी पुढे झाले आणि तिच्या पदराखालच्या धडप्याचं टोक धरून ओढलं.

आत मूल होतं. मुठीएवढं तोंड, सुकलेले ओठ, डोळे मिटलेले. धडपं ओढताना माझं बोट त्याच्या गालाला लागलं. रडायचं त्राण नव्हतं, पण त्यानं तोंड वासलं आणि ते माझ्या बोटाकडे वळवलं.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. अंगावरचं म्हणजे दूध! हा शब्द काय मला नवा होता? 'अंगावरचं पुरतंय ना गं?' असं मी स्वतःच अपूर्वाला रोज विचारत होते. पण त्या वेळी माझ्या डोक्यात मोहनमाळ, म्हणून मला तीच ऐकू आली.

बाईचं नाव साळूबाई. मखमलाबादकडची, भाजी पिकवून विकणारी. लेक बाळंत झाली आणि तिला ताप भरला, तो उतरेना. औषधं इतकी कडक की तिनं पाजायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. वरचं दूध पाजलं तर पोर सगळं उलटून टाकायची. दिंडोरीला साळूबाईची भाची ओली बाळंतीण होती, तिच्याकडे ती नातीला घेऊन निघाली होती, त्याच कळवणच्या गाडीनं. सकाळपासून पोरीच्या पोटात काही टिकलं नव्हतं.

"आणा तिला इकडे," अपूर्वा म्हणाली. "आई, तू तनयला धर."

खरं सांगते, माझा हात पुढे होईना. कुणाचं कोण, कुठला रोग असेल नसेल, आणि माझ्या नातवालाच कमी पडलं तर? मी अपूर्वाच्या कानाशी हे सगळं कुजबुजले.

"आई, तू बघितलंस ना तिचं तोंड?" ती एवढंच म्हणाली आणि तनयला माझ्या हातात ठेवलं.

नेमकी तेव्हाच कळवणची गाडी लागली. टोपीवाल्यासकट सगळे खिडकीतून रुमाल टाकायला पळाले. तिथे आम्ही तिघी उरलो आणि दोन मुलं.

अपूर्वानं हात पसरले. पण साळूबाई एक पाऊल मागे सरली.

"नगं," ती म्हणाली. "तुमाला खोकला-बिकला हाय का? कावीळ झाली व्हती का कधी?"

मी थक्क झाले. "काय विचारताय?"

"मघापासून तेच तर बघत व्हते. तुमचं पोर कसं पितंय, ताई खोकती का. गळ्याला गाठी हायत का ते बघाया वाकले, तर तुमी बोंब मारली."

माझ्या मुलीच्या गळ्याला गाठी! सोन्यानं मढवलेल्या गळ्यावर ही बाई गाठी शोधत होती! मी काहीतरी जहाल बोलणार होते, पण हातात तनय होता. त्याला कुणा परकीला द्यायची वेळ आली असती, तर मी तिच्या सात पिढ्या विचारल्या असत्या.

"नाही हो," मी म्हटलं. "खोकला नाही, ताप नाही, कावीळ नाही. निरोगी आहे माझी मुलगी."

"आन तुमी? तुमी लय तापला आहात. रागावल्या मानसाच्या नजरेखाली पाजलेलं दूध पोराला बाधतं."

"मी नाही रागावलेली."

"नाकपुड्या फुगल्यात अजून."

फलाटावर कंडक्टरनं घंटी मारली. साळूबाईनं गाडीकडे पाहिलं, मग नातीकडे. तिला गाडी पकडायची होती आणि ती खरंच निघाली असती. दिंडोरी काही फार लांब नाही, पण त्या पोरीला तेवढंही लांब होतं, हे आता मला दिसत होतं.

"साळूबाई, मी तोंड फिरवून उभी राहते," मी म्हटलं. "वाटलं तर पार रसवंतीपर्यंत जाते. पण तिला पाजू द्या. मी हात जोडते तुमच्यापुढे." हातात तनय असल्यामुळे हात काही जोडता आले नाहीत. मी नुसतीच वाकले.

तिनं एकदा माझ्या नाकपुड्यांकडे पाहिलं. मग पोरीला अपूर्वाच्या मांडीवर ठेवलं.

गाडी निघून गेली. विहीणबाई वाट बघत बसणार होत्या, बसू देत. पोरीला आधी ओढताच येईना. दूध ओठांवरून ओघळून जायचं. अपूर्वा बोटानं तिच्या तोंडात थेंब सोडत राहिली, आणि मी एका हातानं तनयला आणि दुसऱ्या हातानं चादर धरून देवाचं नाव घेत राहिले. मग एकदाचा तिचा गळा हलला. परत हलला. साळूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि माझ्याही.

पण पोर पोटभर पिऊन झोपेपर्यंत साळूबाई बाकाशी वाकून उभी होती आणि तिनं नातीचं पाऊल मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. मी दोनदा म्हटलं, "बसा हो." ती बसली नाही. पाऊलही सोडलं नाही. तिचा आमच्यावर विश्वास नव्हता, आणि तिच्या जागी मी असते तर माझाही नसता.