चौसष्ट शंका

राजापेठेतल्या ऑफिसात अपेक्षाने तीच कमांड चौथ्यांदा दिली. काळ्या पडद्याने चौथ्यांदाही तक्रार न करता फाइल बनवून दिली, आणि प्रोग्राम उघडला तर सगळं इंग्रजीच! भांडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं; या गुमसुम यंत्राचं काय करायचं?

प्रोग्राम फवारणीचा होता. शेतकऱ्याने पीक निवडलं की पंपाला किती औषध ते पडद्यावर दिसायचं. त्यातली चौसष्ट वाक्यं मराठीत केली होती अपेक्षाच्या आईने, भागीरथाबाईंनी. दहावी पास बाई, चांदूर बाजारला जन्मभर वांगी-कोबी पिकवणारी. आता तिची फाइल कमांडने कम्पाइल करायची, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशी करायची, एवढंच उरलं होतं.

"बारा वाजता प्रोग्राम पाठवाचा हाय," ऑफिसचे प्रमुख किशोरसर म्हणाले. "नाही जमलं त मशीनचं भाषांतर टाकू. आईले सांगजो, मेहनत लय घेतली म्हनावं."

अपेक्षाने दोन्ही भाषांतरं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. मशीन म्हणत होतं, 'संरक्षणात्मक साधने परिधान करणे अनिवार्य'. आईने लिहिलं होतं, 'हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नका'. असं लिहिणाऱ्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुझं काही घेतलं नाही?

पाचव्या वेळी तिने कमांडला हिशेबही विचारला. उत्तर आलं: तयार वाक्यं शून्य, शंका असलेली चौसष्ट.

तिने कपाळावर हात मारला. आईने प्रत्येक वाक्यापुढे 'शंका आहे' अशी खूण केली होती, आणि अशी वाक्यं कम्पाइल करताना मुकाट्याने गाळली जातात. शंकेसकट सगळं घ्या, असंही कमांडला सांगता आलं असतं. पण गोष्ट औषधाची होती. तिने फोन लावला.

"आई, सगळ्याच वाक्याले शंका काहून लावली वं?"

"मंग? कोनी पाह्यल्याबिगर पुरं झालं कसं म्हनू? तुया बाबाले दाखवलं, त ते म्हने मले काय समजते."

आईची ही सवय घरात सगळ्यांना पाठ होती. लग्नाला तीस वर्षं झाली, तरी कोणी मीठ बरोबर आहे म्हटल्याशिवाय त्यांची भाजी चुलीवरून उतरत नसे.

"बरं, मी वाचतो, तू आयक," म्हणत अपेक्षा एकेक वाक्य वाचू लागली. वाचायचं आणि खूण काढायची. आई नुसती "हं" म्हणत होती. घड्याळात साडेअकरा वाजले. घाईघाईत तेविसावं वाक्य आलं.

"दोन पंपाला एक झाकण औषध..."

"थांब. एका पंपाले लिवलं म्या. नीट वाच."

अपेक्षाने पाहिलं. खरंच, 'एका पंपाला' होतं.

ती चोविसावं वाक्य वाचायला लागली, तेवढ्यात आईने तिला अडवलं.

"अपेक्षा, मले सगळं तोंडपाठ हाय वं. म्या लिवलं ते बरोबर हाय. आता वाचत बसू नको, काढ साऱ्या खुना."

अपेक्षाने खुणा काढल्या, कमांड दिली. तयार चौसष्ट, शंका शून्य. प्रोग्राम उघडला, आणि आईची वाक्यं एकाखाली एक पडद्यावर उभी राहिली. तिचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत ती म्हणाली, "आई, आलं सगळं मराठीत! पाठवू का?"

"त्यात इचारतं काय?" भागीरथाबाई म्हणाल्या. "पाठव."