घासलेल्या कडा

"हात लावू नका मॅडम, इम्पोर्टेड आहे."

काळ्या गाडीवाला आपल्या नंबरप्लेटबद्दल बोलत होता. आकडे मुंग्यांएवढे. वर सोनेरी मुकुट, खाली याच्या आडनावाची वेलबुट्टी. ही गाडी कुणाला उडवून गेली, तर नंबर वाचायला भिंग घेऊन मागे पळावं लागेल. मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्यापुढे धरला.

"मी कुठे लावतेय? तुम्हीच काढा."

"मी? इथे? सगळे बघतायत."

"बघू द्या की. मुकुट त्यांच्यासाठीच लावला होता ना?"

ही माझी पद्धत. प्लेट जप्त करा एवढंच नियमात लिहिलंय, ती कुणी काढायची ते नाही. म्हणून मी मालकालाच भर चौकात उकिडवं बसवते आणि त्याच्या हाताने चारही स्क्रू काढून घेते. आधी 'तुम्हाला माहीत नाही मी कोण', पहिल्या स्क्रूला 'मॅडम', तिसऱ्या स्क्रूला 'ताई'. अकरा वर्षं मी हे बघतेय. कुणी आकड्यांना ग्रीस फासतो, कुणी प्लेट वाकवून आभाळाकडे करतो, कुणी काळी काच बसवतो. प्रत्येकाचा एक मामा कुठेतरी वरच्या खुर्चीवर असतो आणि नेमका त्याच दिवशी फोन उचलत नाही. मला या लोकांची कीव येत नाही. मला त्यांची शिसारी येते.

जप्त केलेल्या प्लेटा पोत्यात भरायचं काम मात्र माझंच. चोरून केलेला पत्रा नुसता कापून सोडलेला असतो, त्याची कड ब्लेडसारखी लागते. चौकीतलं चिकटपट्ट्यांचं खोकं माझ्या एकटीच्या बोटांवर संपतं.

त्याच संध्याकाळी साहेबांनी चौकीत टेबलावर एक प्लेट आपटली. साहेब दर सहा महिन्यांनी जागे होतात आणि मोहीम काढतात. या वेळी जागं व्हायला कारण होतं. नऊ दिवसांपूर्वी आमच्याच चौकात एका निवृत्त पोस्टमास्तरांना गाडीने उडवलं होतं. ते अजून शुद्धीवर आले नव्हते. कॅमेऱ्यात गाडी स्वच्छ दिसत होती, पण नंबराच्या जागी कोरा काळा पत्रा. आता ती गाडी एका गॅरेजात सापडली होती. सीटखाली दांडी, दांडीला तार. दांडी ओढली की नंबर वर दुमडायचा आणि काळा पत्रा खाली यायचा.

"मालक हात वर करतोय," साहेब म्हणाले. "म्हणे, जुनी गाडी घेतली तेव्हापासूनच हे असं आहे. बनवणारा सापडला आणि त्याने मालकाचं नाव घेतलं, तरच हा अडकणार. नाहीतर सुटला."

प्लेट एकेकाच्या हातून फिरत माझ्याकडे आली. मी सवयीने जपून धरली. बोट कापलं नाही. मी कडेवरून अंगठा फिरवला. चारही बाजू कानशीने घासलेल्या, वर पॉलिश पेपर मारलेला, कोपरे गोल केलेले.

"काय मॅडम, ओळखीची वाटतेय का?" साहेब हसले. मीही हसले. प्लेट मी पालथी करून टेबलावर ठेवली.

पत्र्याच्या कडा घासणारा या गावात एकच माणूस आहे आणि तो माझा नवरा आहे. तो पेंटर. मशीनवर छापलेल्या प्लेटा सक्तीच्या होण्याआधी निम्म्या गावाचे नंबर त्याच्या ब्रशने लिहिले जायचे. 'गाडी पुसताना माणसाचा हात कापू नये,' म्हणून तो प्रत्येक प्लेटवर अर्धा तास घालवायचा. सक्ती आली आणि धंदा बसला. तरी तो रोज नऊला दुकान उघडायचा. रेडियमच्या पट्ट्या, घरांवरच्या पाट्या, असं काहीबाही करतो म्हणायचा. मी कधी खोलात विचारलं नाही. मला वाटायचं, करून करून हा बिचारा काय करणार!

घरी आले तेव्हा तो पंख्याची पाती पुसत स्टुलावर उभा होता.

"अहो, खाली या. ती दुमडणारी प्लेट तुम्ही केली?"

त्याने फडकं आधी नीट घडी करून ठेवलं. मग खाली उतरला. "पेपरात वाचलं तेव्हाच कळलं मला."

"म्हणजे नऊ दिवस तुम्हाला माहीत आहे?"

"हो."

"आणि नऊ दिवस माझ्यासमोर बसून जेवताय?"

"अगं, तो म्हणाला, प्रदर्शनात ठेवायची गाडी आहे. मी फक्त पत्रा केला. तार कुठे जोडणार ते मी विचारलं नाही."

"विचारलं नाही! माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही कडा घासत बसलात. कोपरे गोल केलेत. कशाला? पळताना त्याचा हात कापू नये म्हणून?"

चौकात पकडलेले निदान आवाज तरी चढवतात. हा नुसता माझ्या बुटांकडे बघत उभा राहिला आणि मला त्या सगळ्यांपेक्षा याचाच जास्त राग आला. वर्दी घालून मी जगाला स्क्रू काढायला लावत होते आणि माझ्याच घरात हा माणूस ते बसवत होता.

"उद्या दुपारी बारापर्यंत स्वतः चौकीत या," मी म्हटलं. "मालकाचं नाव सांगा. आपणहून आलात तर साहेब तसं लिहितील, कोर्टात फरक पडेल. नाही आलात तर मी सांगेन."

"येतो," तो म्हणाला. "बारापर्यंत येतो."

सकाळी तो रोजच्यासारखा नऊला दुकानात गेला. मी चौकीत दारावर डोळा ठेवून बसले. दहा वाजले. साडेदहा. दुकान चौकीपासून चालत दहा मिनिटांवर. शेपूट घातलंन, मी मनात म्हटलं. आता संध्याकाळी येऊन म्हणेल, धीर झाला नाही. ते वाक्य, ती मान, सगळं मला आधीच दिसत होतं. सव्वाअकराला मी उठले आणि साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, बनवणारा मला माहीत आहे."

नाव ऐकल्यावर साहेबांचा चहा खाली ठेवायचा राहिला. मग ते लगबगीने टोपी शोधू लागले. "शाब्बास मॅडम! वेळेवर सांगितलंत, नाहीतर पळाला असता."

आम्ही जीपमधून उतरलो तेव्हा दुकान झाडून लख्ख केलेलं होतं. रंगांचे डबे झाकणं लावून एका रांगेत. ब्रश धुऊन उलटे टांगलेले. नवऱ्याने ठेवणीतला पांढरा शर्ट घातला होता आणि शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या नावाची पाटी तो कागदात गुंडाळत होता. त्या बाजूला उभ्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात बाराला वीस मिनिटं कमी होती.

"दोन मिनिटं, साहेब," तो म्हणाला. "बाईंना आजचा शब्द दिलाय."

त्याने सुतळी बांधली, गाठ ओढून पाहिली आणि पाटी बाईंच्या हातात दिली. तोवर साहेबांनी काउंटरवरचा कागद उचलला होता. पेंटरचं अक्षर, दुरूनही वाचता यायचं. गाडीमालकाचं नाव, तो दुकानात आला ती तारीख, त्याने काय सांगितलं आणि याने काय केलं, सगळं. 'मी आपणहून चौकीत हजर होऊन हे सांगत आहे,' इथून सुरुवात होती.

"आपणहून?" साहेब हसले. "आता कसलं आपणहून? मॅडमनी दाखवलं, आम्ही धरलं. तसंच लिहावं लागेल."

नवऱ्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. 'बारा वाजायचे आहेत अजून' एवढं जरी तो ओरडून म्हणाला असता, तर मला सोसलं असतं. मालकाला धरायला तो कागद पुरेसा होता. याला वाचवायला मात्र तो आता पुरेसा नव्हता, आणि ते मी केलं होतं. चौकातल्या त्या मामावाल्यांबद्दल वाटते तशी शिसारी मला पहिल्यांदाच माझी स्वतःची आली.

त्याने शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली साहेबांना दिली. कुणी दंड धरायच्या आत तो जीपच्या मागच्या बाकावर चढून बसला.

"मॅडम, तुम्ही बसा आरोपीजवळ," साहेब पुढून म्हणाले.

मी चढले. बाक अरुंद होता आणि त्यावर ऊन आलं होतं. तो उन्हाच्या बाजूला सरकला आणि सावलीतली जागा त्याने मला करून दिली.