परीक्षेला बसलेली छाती

बॅगा आणि ट्रंका दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या छातीत करवत चालते, हे त्या शहरातल्या निम्म्या डॉक्टरांना ठाऊक होतं. उरलेले निम्मे बाहेरगावी शिकून आलेले, त्यामुळे त्यांना माफ.

गोष्ट जुनी आहे. छातीच्या आत डोकावून हृदय दाखवणारी यंत्रं तेव्हा नव्हती. डॉक्टरकडे दोन कान, एक नळी आणि असलीच तर थोडी अक्कल, एवढंच भांडवल. म्हणून वैद्यकीच्या शेवटच्या परीक्षेला खरीखुरी आजारी माणसं खाटांवर बसवत. कुणाचं यकृत वाढलेलं, कुणाचा पाय लुळा. विद्यार्थ्यानं तपासायचं आणि काय झालंय ते ओळखायचं. त्यानं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पेशंटनं द्यायची, रोगाचं नाव मात्र सांगायचं नाही. हा नियम बहुतेक पेशंट सर्रास मोडत. एखाद्या घामाघूम पोराची दया आली की हळूच कानात नाव सांगून मोकळे होत.

करवतकाकांनी मात्र तीस वर्षांत ब्रही काढला नव्हता. हे नाव विद्यार्थ्यांनीच ठेवलेलं. त्यांच्या हृदयाच्या दारातली एक झडप कडक झाली होती. तिच्या फटीतून रक्त बाहेर पडताना लाकूड कापल्यासारखा खरखर आवाज यायचा, आणि तो मानेपर्यंत ऐकू जायचा. तरुणपणी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी तो ऐकला, खुशीत येऊन चार जणांना ऐकवला, आणि एका फाइलमध्ये सविस्तर लिहून ठेवला. तेव्हापासून दरवर्षी परीक्षेच्या आधी इस्पितळातून पत्र यायचं, आणि काका दोन दिवस दुकान बंद ठेवायचे.

पत्र आलं की काकांची लगीनघाई सुरू. नवा बनियन, केस कापून आणणं, नखं घासणं. मेण लावलेला दोरा ओढून ओढून त्यांच्या बोटांना मेणाचा थर बसलेला असायचा, तो निघता निघत नसे. एरवी दुकानात त्यांच्याशी कोण काय बोलायचं? ‘कधी मिळेल?’ आणि ‘अजून झाली नाही?’ या दोन वाक्यांवर त्यांचा आठवडा निघायचा. ग्राहक बॅग फळीवर ठेवायचा, काका चिठ्ठी फळीवर ठेवायचे. हाताला हात लागायचं कारणच नव्हतं.

बायको होती तोवर ही उणीव कधी कळली नाही. सुटीच्या दिवशी दुपारी ती त्यांच्या छातीवर डोकं टेकून पडायची आणि म्हणायची, “अहो, जोरात चाललीय आज तुमची करवत. काय कापताय एवढं?” काका रुसल्याचं सोंग करत. मग ती म्हणायची, “चालू दे. ही चालू असली की घर भरल्यासारखं वाटतं.” ती जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. तिच्यानंतर त्या छातीला कान लागायचा तो परीक्षेच्या दोन दिवसांत, आणि तोही नळीच्या दुसऱ्या टोकाला.

गंमत अशी की काकांनी स्वतः ती करवत कधीच ऐकली नव्हती. एकदा, फार वर्षांपूर्वी, त्यांनी एका डॉक्टरला विचारलं होतं, “मला जरा ऐकवता का?” तो हसून म्हणाला, “काका, तुम्हाला त्यातलं काय कळणार?” काकांनी कानाला खडा लावला. पुन्हा कुणाला विचारलं नाही.

त्या वर्षी पत्र आलं तेव्हा काकांची तब्येत ठीक नव्हती. दुकानाच्या अठरा पायऱ्या चढताना तीनदा थांबावं लागत होतं. एक जड ट्रंक उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते हातातल्या चामडं टोचायच्या टोच्यासकट खाली बसले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तसं सांगायला होतं तरी कोण? पण कारण निराळंच होतं. परीक्षेला बोलावतात ते दुखणं मुरलेल्या, पण स्थिर असलेल्या पेशंटला. बिघडलेल्याला खाटेवर झोपवतात, आणि यादीतून त्याचं नाव काढतात. म्हणून इस्पितळातल्या कारकुनानं नेहमीसारखं विचारलं, “काही नवीन त्रास?” तेव्हा काका नेहमीसारखंच म्हणाले, “छे हो! ठणठणीत.”

परीक्षक म्हणून मोठे डॉक्टर होते. हे मोठे डॉक्टर लहान असताना, म्हणजे विद्यार्थी असताना, याच छातीवर पास झाले होते. तेव्हा त्यांच्या कपाळावरचा घाम काकांच्या पोटावर टपकला होता. आता ते खाटेपाशी आले, खांद्यावर थाप मारून म्हणाले, “काय करवतकाका, मजेत ना?” आणि नळी गळ्यातच ठेवून पुढे गेले. उत्तर फाइलीत होतंच.

दोन दिवसांत बावीस जण आले. तिसऱ्या खाटेवर करवतकाका आहेत, ही बातमी वसतिगृहात आदल्या दिवशीच पोचलेली असायची. उत्तरही तयार असायचं, दरवर्षी वरचे खालच्यांना देऊन जायचे. मोठा, खरखरीत आवाज, मानेपर्यंत जाणारा. कुणी बनियनवरूनच ऐकलं. कुणी ऐकता ऐकता शेजारच्या खाटेकडे बघत होता. एकानं तर नळीची टोकं कानात घालायचीच विसरून, डोळे मिटून भक्तिभावानं मान डोलावली. काकांना हसू आवरेना. पण त्यांना त्याचाही राग आला नाही. पोराचा हात चांगला गरम होता.

तेविसावी आली ती जाड चष्म्याची मुलगी. मागच्या खेपेला नापास झालेली, घरून येऊन-जाऊन शिकणारी, त्यामुळे वसतिगृहाची कृपा तिच्यावर नव्हती. तिनं आधी नळीचं टोक तळहातात धरून गरम केलं. तीस वर्षांत हे कुणी केलं नव्हतं.

“काका, जरा पुढे वाका. आता श्वास सोडा, आणि थांबा.”

तिनं ऐकलं. जागा बदलून ऐकलं. मानेवर ऐकलं, आणि पुन्हा छातीवर आली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. काकांना वाटलं, बिचारीला सापडत नाही वाटतं.

“काका, जिना चढताना थांबावं लागतं का अलीकडे?”

एवढा सरळ प्रश्न या वर्षी कुणी विचारलाच नव्हता.

“नाही,” ते म्हणाले.

“कधी चक्कर? पडलात वगैरे?”

“नाही बाळ.”

तिनं त्यांच्याकडे बघितलं, आणि मग पुन्हा एकदा नळी लावली.

मोठे डॉक्टर आले. “बोला.”

“सर, झडप अरुंद झालीय. पण आवाज अगदी बारीक आहे. दुसरा ठोका तर जवळजवळ ऐकूच येत नाही. मला वाटतं, हृदय दमलंय. रक्त ढकलायला जोरच उरला नाही, म्हणून आवाज कमी झालाय. यांना लगेच दाखल करायला हवं.”

मोठे डॉक्टर हसले. “बारीक? अहो बाई, या आवाजावर तीस वर्षांच्या बॅचेस पास झाल्यात. या दोन दिवसांत बावीस जणांना मोठा ऐकू आला, आणि तुम्हाला बारीक? बरं, पेशंटला काही त्रास आहे?”

“नाही म्हणतात.”

“मग?”

“सर, तुम्ही एकदा ऐकता का?”

“मी ऐकलाय,” मोठे डॉक्टर म्हणाले. “तुमच्या जन्माआधी.” आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. “सहा महिन्यांनी या.”

मुलीनं नळी खिशात ठेवली आणि काकांच्या शर्टाची बटणं लावायला लागली. तपासून झालं की पोरं उघड्या छातीनं सोडून पळायची, बटणं काकाच लावायचे. ही मात्र खालपासून एकेक लावत होती. तिसरं बटण काही केल्या तिच्या बोटांनी काजात जात नव्हतं.

काका त्या बोटांकडे बघत राहिले. ते गप्प बसले असते तर पुढच्या वर्षी पत्र आलं असतं. आणखी बावीस-तेवीस गरम हात, चहा, खांद्यावर थाप. बोलले तर संपलं सगळं. आणि या मुलीनं खरं सांगितलं होतं, ती त्यांच्या एका शब्दामुळे घरी निघाली होती.

“डॉक्टर,” काका म्हणाले, “मी हिच्याशी खोटं बोललो.”

मोठे डॉक्टर वळले.

“अठरा पायऱ्यांना तीनदा थांबतो. दोनदा दुकानात पडलोय. कारकुनालाही सांगितलं नाही.” त्यांना धाप लागली. “तुम्ही मला बोलवायचं बंद कराल म्हणून.”

मोठ्या डॉक्टरांनी गळ्यातली नळी कानांत घातली. लावलेली दोन बटणं काकांनी स्वतःच पुन्हा काढली. डॉक्टर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. जागा बदलली, मानेवर गेले, परत आले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. टेबलावर बावीस जणांच्या उत्तरांचे कागद होते, आणि सगळ्यांनी एकमेकांची री ओढली होती. त्यांनी मुलीचा कागद पुन्हा हातात घेतला आणि लिहिलेलं खोडलं.

“तुम्ही पास,” ते म्हणाले. “नापास कोण, ते मी बघतो.”

कारकुनानं काकांसमोरच यादीतलं त्यांचं नाव काढलं. त्याला वाईट वाटत होतं, म्हणून त्यानं ती रेघ फारच हळू ओढली. काकांना वरच्या मजल्यावर खाट मिळाली. झडप काढून तिथे धातूची बसवायची शस्त्रक्रिया तेव्हा नुकतीच निघाली होती, आणि वाचणाऱ्यांची संख्या सांगताना डॉक्टर आवाज खाली आणत. काकांना भेटायच्या वेळेत कुणी आलं नाही. ते शेजारच्या खाटेकडचे पाहुणे मोजत बसायचे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी ती मुलगी आली. चौकशी केली, पाय सुजलेत का बघितलं, आणि निघाली.

“बाळ,” काका म्हणाले, “एक मागू? मला जरा ऐकव ना.”

“काय?”

“हेच. सगळ्यांनी ऐकलं. शेकडो पोरांनी ऐकलं, आमच्या हिनं ऐकलं. मीच राहिलो.”

मुलगी खाटेवर बसली. तिनं नळीची टोकं काकांच्या कानांत नीट बसवली, दुसरं टोक तळहातात गरम केलं आणि त्यांच्या छातीवर धरलं. काकांनी डोळे मिटले.

आधी काहीच कळलं नाही. मग कळलं. खर्र... खर्र... अगदी हळू, दूरच्या खोलीत कुणीतरी दमून दमून लाकूड कापत असावं तसं. काकांना वाटलं होतं, मोठं भयंकर काहीतरी असेल. हे तर साधंच होतं. अकरा वर्षं ते एकट्या घरात बसले होते, आणि एवढा सारा वेळ हे इथे चालू होतं.

डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही.

“उद्यानंतर हे बंद होणार ना?” त्यांनी विचारलं. कानांत नळी असल्यामुळे ते उगाच मोठ्यानं बोलले, आणि शेजारच्या खाटेकडच्या पाहुण्यांनी वळून बघितलं.

मुलीनं मान हलवली. “हो काका. बंद होणार.”

“मग अजून पाच मिनिटं राहू दे,” काका म्हणाले.