दोघींपैकी एक

"बाळा, जरा थांबतेस का?" म्हणत त्या बाईंनी मुलीच्या हातात पत्रक ठेवलं आणि आईने आपली पिशवी पोटाशी घट्ट धरली.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर या बाई रोज उभ्या असतात, गर्भपातासाठी आलेल्यांना थांबवून समजावतात, हे आईच्या कानावर आलं होतं. म्हणून तर ती मान खाली घालून चालली होती. पण बाईंनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक प्रौढ बाई आणि बरोबर कॉलेजातली मुलगी दिसली की त्यांचा हिशेब ठरलेला असे: अडचणीत मुलगी आणि तिला ओढून आणणारी आई.

"कुणी जबरदस्ती केली म्हणून आत जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. आवाज खरोखर मायेचा होता. "बाळ वाढवायला आम्ही मदत करू. शेवटपर्यंत."

"अहो, भलतंच काय?" मुलगी हसली. "आईचं ब्लडप्रेशर दाखवायला आलोय आम्ही."

आईला दरदरून घाम फुटला होता. मुलीसाठी स्थळं बघायच्या वयात हे असं व्हावं! धाकट्याच्या वेळी ती मरणाच्या दारातून परत आली होती. तेव्हापासून बाळंतपण म्हटलं की तिचे हातपाय गार पडत. नवऱ्याने 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणून हात झटकले होते. पण या क्षणी तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती लेकीची.

मुलीची नजर पत्रकावरून उठली. आईच्या घामाजलेल्या चेहऱ्यावर गेली, मग पोटाशी घट्ट धरलेल्या पिशवीवर. रोज सकाळी न्हाणीघरातून येणारा उलटीचा आवाज तिला आठवला असावा. तिचं हसू मावळलं.

आता ही ओरडणार, चारचौघांत. आईने डोळे मिटून घेतले.

"हो, मीच," मुलगी म्हणाली. "मीच आहे ती. आईला काही बोलू नका."

आईने डोळे उघडले. लेकीचे कान लालबुंद झाले होते. रस्त्याने जाणारा एकजण वळून वळून तिच्याकडे बघत होता, तरी ती आईच्या पुढ्यात तशीच उभी होती. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी मुलीचा हात हातात घेतला. "मग एवढंच सांग. बाकीचे काय म्हणतात ते राहू दे. तुला स्वतःला काय हवंय?"

मुलगी हळूच मागे वळली.

"आई," ती म्हणाली, "सांग ना."

हे आजवर आईला कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही.

"मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "आत जायची वाटते. आणि परत घरी जायचीही."

बाईंच्या हातातून मुलीचा हात सुटला. त्या आईकडे बघत राहिल्या, आणि रोजचं बोलणं त्यांच्या तोंडून काही केल्या निघेना.