वाघाटी आणि बाबांचा खोकला

बाबा गेल्यावर त्यांचा डबा न्यायला ती ते कामाला असलेल्या रानप्राण्यांच्या उपचार केंद्रात आली. डॉक्टर मागच्या मोठ्या पिंजऱ्यापाशी उभे होते.

"हळू ये," ते पुटपुटले. "पुढच्या महिन्यात हिला सोडायचंय."

वर फांदीवर वाघाटी होती. घरच्या मांजरापेक्षाही लहान रानमांजर, अंगभर तांबूस ठिपके. आई मेलेलं ते पिल्लू बाबांनी वाढवलं होतं. म्हणजे कधी हात लावला नाही, हाक मारली नाही. गोणपाटाच्या पडद्याआडून खाणं सरकवलं आणि मागे फिरले. माणसाची सवय लागलेलं जनावर वस्तीत शिरतं आणि काठ्या खाऊन मरतं.

"घरी तुझ्या बाबांची टकळी थांबायची नाही. इथे मात्र तोंडाला कुलूप."

ती हसली आणि तिला ठसका लागला. ती खोकली. दोनदा कोरडं, जरा थांबून तिसऱ्यांदा. थेट बापावर गेलीय, असं आई म्हणायची तो खोकला.

वाघाटी सरसर उतरली आणि पडद्यासमोर येऊन बसली.

डॉक्टरांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"खोकल्याला कुठलं कुलूप," ती म्हणाली.

"आता ही खोकणाऱ्या कुणाच्याही अंगणात जाऊन बसणार. जन्मभर पिंजरा, नाहीतर सवय मोडायची. कुणीतरी रोज तस्संच खोकायचं आणि काही द्यायचं नाही. खाणं दुसऱ्या बाजूनं, मुकाट्यानं."

"तसं खोकणार कोण?"

डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

ती रोज काम सुटल्यावर येऊ लागली. पडद्याआड बसून खोकायची. वाघाटी धावत यायची, वाट पाहायची, पडदा हुंगायची. रिकामे हात मांडीखाली दाबून ती बसून राहायची. घरी आईसमोर मात्र खोकला आला तरी गिळायची.

हळूहळू वाघाटी निम्म्या वाटेवरून परतू लागली. मग फांदीवरून उतरेनाशी झाली. नुसता कान वळायचा.

एका संध्याकाळी ती खोकली आणि कानही वळला नाही. वाघाटी पंजा चाटत होती.

"सुटली," डॉक्टर हलकेच म्हणाले.

तिनं मान हलवली. मग पुन्हा एकदा खोकून पाहिलं. तशी गरज नव्हती.

पंजा चाटणं चालूच राहिलं.

ती उठली. खुंटीवरचा डबा इतके दिवस न्यायचा राहिला होता, तो तिनं काढून घेतला.